बत्ती घालवून काय होतं?

आमच्या घरात दिवस मावळायच्या आत जेवणं उरकतात. त्यामुळे ७ मे २०२५च्या संध्याकाळी छत्रीबागेत बत्त्या घालवायची वेळ आली तेव्हा आमचा ओटा पुसून झाला होता आणि भांडी पालथी पडली होती. समोरच्या घरात मात्र कुकरची शिट्टी अंधारातच झाली. वहिनी चाचपडत गॅस बंद करायला गेल्या, तो आवाज आमच्या ओटल्यापर्यंत ऐकू आला.

पहलगामला २२ एप्रिलला माणसं मारली गेली होती. ६ मेच्या मध्यरात्रीनंतर आपल्या सैन्याने सीमेपलीकडे हल्ले केले होते. त्याच दिवशी केंद्र सरकारने देशातल्या २४४ नागरी संरक्षण जिल्ह्यांत सराव ठेवला होता. आपल्या मध्य प्रदेशातले पाच जिल्हे त्यात होते: इंदूर, भोपाळ, ग्वाल्हेर, जबलपूर आणि कटनी. भोंगा वाजला, दिवे गेले, काही मिनिटांनी आले. दिवे आल्यावर गल्लीतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या, क्रिकेटची मॅच जिंकल्यासारख्या.

माझ्या सासूबाईंनी हेच १९७१च्या डिसेंबरात अनुभवलं होतं. मी या घरात आले १९७६ साली, त्यामुळे ते सगळं मी ऐकलेलंच. खिडक्यांच्या काचांना काळा कागद, मोटारींच्या दिव्यांना अर्धा काळा रंग, आणि रात्री कोणी आजारी पडलं तर कंदिलाभोवती धोतराचा तुकडा. तेव्हा गिरण्या चालू होत्या. भोंगा वाजला की सासूबाईंना आधी वाटायचं, पाळी सुटली, आता हे येतील. मग आठवायचं की हा तो भोंगा नाही. "पण आपलं काय अडलं?" असं त्या म्हणत. "आपलं जेवण उजेडातच झालेलं असायचं."

दुसऱ्या दिवशी मंदिरात स्वाध्यायाला बसलो होतो. वाचन संपल्यावर समोरच्या वहिनींनी मला बाजूला घेतलं. "ताई, तुम्ही इतिहासाच्या बाई. खरं सांगा. त्यांच्याकडे अणुबॉम्ब आहे. मग बत्ती घालवून काय होतं?"

मी तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. चाळीस पोरांसमोर उत्तर नसलं तरी चेहरा शांत ठेवायची सवय अंगात मुरलेली. मी म्हटलं, "सांगतील तसं केलं की काही होत नाही, वहिनी." त्या हसल्या आणि गेल्या.

१० मेला लढाई थांबली. त्यानंतर चार दिवसांनी वहिनी सहज बोलून गेल्या की त्यांची सून सातव्या महिन्यात होती, तिला माहेरी, खरगोनच्या बाजूच्या खेड्यात पाठवायचं म्हणून बॅग भरून ठेवली होती. "तुम्ही म्हणालात ना काही होत नाही, म्हणून मी बॅग सोडली." त्यांनी हे कौतुकाने सांगितलं. माझ्या मात्र पोटात खड्डा पडला. माझं एक वाक्य, जे मी नुसतं बोलायचं म्हणून बोलले होते, त्यावर एका घराने दोन जिवांचा निर्णय घेतला होता. आपल्याकडे असत्य बोलण्याच्या किती तरी रीती मोजलेल्या आहेत. माहीत नसताना धीर देणं ही त्यातलीच एक म्हणायला हवी.

म्हणून हा लेख. वहिनींच्या प्रश्नाचं नीट उत्तर शोधायचा प्रयत्न.

बत्ती घालवण्याचा जन्म विमानांच्या काळातला. वैमानिक डोळ्यांनी शहर शोधायचा, म्हणून शहराने लपायचं. दुसऱ्या महायुद्धात आपल्याकडे ए.आर.पी. म्हणजे हवाई हल्ल्यापासून बचावाचं खातं उभं राहिलं, वॉर्डन नेमले गेले, वाळूच्या बादल्या भरल्या गेल्या. ती भीती पोकळ नव्हती. जपानी विमानांनी एप्रिल १९४२मध्ये विशाखापट्टणम आणि काकिनाड्यावर आणि त्या डिसेंबरात कलकत्त्यावर बॉम्ब टाकले. मुंबईनेही दिवे झाकले. पण मुंबईवर जे आलं ते आकाशातून आलं नाही.

१४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' नावाचं जहाज लागलेलं होतं. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं आणि दारूगोळा, शिवाय कापसाच्या गाठी. स्फोटकं असलेल्या जहाजाने लाल बावटा लावायचा असतो, तो या जहाजावर नव्हता. दुपारी कापूस पेटला, बंबवाले धावले, आणि चार वाजून गेल्यावर जहाज उडालं. अर्ध्या तासाने दुसरा स्फोट झाला. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. म्हणून आजही १४ एप्रिलला देशभर त्यांचा स्मृतिदिन पाळतात. एकूण मृतांचे आकडे आठशेपासून तेराशेपर्यंत सांगितले जातात. आग आटोक्यात यायला तीन दिवस लागले आणि गोदी मोकळी करायला कित्येक महिने.

मराठी माणसाच्या आठवणीतला सगळ्यात मोठा स्फोट तो. पण त्या दिवशी एक गोष्ट शाबूत होती, ती म्हणजे उरलेली मुंबई. जखमींना नेण्यासाठी इस्पितळं होती, इस्पितळांत डॉक्टर होते, दुसरे बंब होते, ढिगारा उपसायला हात होते. गिरगावातला माणूस भायखळ्याच्या माणसाला मदत करू शकत होता. नागरी संरक्षणाचं सगळं गणित या एका गृहीतावर उभं आहे: जिथे मार लागला त्याच्या बाजूला न लागलेली जागा असते आणि मदत तिथून येते.

पुढच्याच वर्षी, ६ ऑगस्ट १९४५ला, हे गृहीत मोडलं. हिरोशिमावरचा बॉम्ब सुमारे १५,००० टन स्फोटकांच्या ताकदीचा होता. मुंबईच्या गोदीतला सगळा माल धरला तरी त्याच्या दहापट. शिवाय स्फोटकांत नसतो तो किरणोत्सर्ग यात होता. वर्षअखेरपर्यंत अंदाजे १,४०,००० माणसं गेली. शहरातले बहुतेक डॉक्टर आणि परिचारिका मेल्या किंवा जखमी झाल्या. मदत करणारेच मदतीला मोताद झाले.

हिरोशिमात नागरी संरक्षण नव्हतं असं मात्र नाही बरं का. उलट भरपूर होतं. त्या सकाळी सातच्या सुमारास इशारा झाला होता, साडेसातला तो उठवला गेला, आणि सव्वाआठला बॉम्ब पडला. त्या वेळी हजारो शाळकरी मुलं, बारा-तेरा वर्षांची, रस्त्यावर उघड्यावर काम करत होती. काम काय, तर आगीचा वणवा पसरू नये म्हणून मधली लाकडी घरं पाडून मोकळे पट्टे तयार करायचे. म्हणजे संरक्षणाचंच काम. त्या मुलांपैकी सहा हजारांच्या आसपास मुलं मेली. जुन्या युद्धासाठी केलेल्या तयारीने त्यांना नव्या युद्धासमोर उघड्यावर आणून उभं केलं. तीस वर्षं सातवी-आठवीच्या वर्गात उभी राहिलेली मी, या आकड्यापाशी दरवेळी थांबते.

आणि तरीही त्याच शहरात एक माणूस जगला. एइझो नोमुरा, वय ४७. इंधन-वाटपाच्या कचेरीत कामाला. बॉम्बच्या बरोबर खालच्या जागेपासून त्याची इमारत १७० मीटरवर. एक कागद आणायला तो तळघरात उतरला होता. वरचे सगळे गेले, तो वाचला आणि पुढे कित्येक वर्षं जगला. तीन दिवसांनी नागासाकीतही तेच. डोंगराच्या कुशीत खणलेल्या भुयारांत जे थोडे लोक होते ते अगदी जवळ असूनही वाचले. थोडेच होते, कारण तिथेही इशारा सैल केला होता. म्हणजे दगडमातीची जाड भिंत माणसाला वाचवते हे खरं. पण त्या वेळी त्या भिंतीमागे असण्याचा योग यावा लागतो, हेही तेवढंच खरं.

आपल्या देशात याचा विचार कधी सुरू झाला? १ मार्च १९५४ला अमेरिकेने पॅसिफिकमधल्या बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. तिथून सुमारे दीडशे किलोमीटरवर एक जपानी मासेमारी होडी होती. तिच्यावरच्या २३ जणांच्या अंगावर पांढरी राख पडली, सगळे आजारी झाले, सप्टेंबरात त्यातला एक मेला. बॉम्बपासून इतक्या लांबचा माणूस राखेने मरतो हे जगाला तेव्हा कळलं. २ एप्रिल १९५४ला पंडित नेहरूंनी लोकसभेत चाचण्या निदान थांबवा अशी सूचना मांडली. त्यानंतर १९५६मध्ये भारत सरकारने एक पुस्तक काढलं, अणुस्फोट आणि त्यांचे परिणाम यावरचं. प्रस्तावना नेहरूंची. ते सिद्ध केलं डॉ. दौलतसिंह कोठारी यांनी, आणि त्यांना साथ होती डॉ. होमी भाभा आणि मुंबईचे कर्करोगतज्ज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांची.

कोठारी उदयपूरच्या जैन घरातले. पुढे शिक्षण आयोगामुळे त्यांचं नाव आम्हा शिक्षकांच्या तोंडी बसलं. पण त्या वेळी ते संरक्षणमंत्र्यांचे वैज्ञानिक सल्लागार होते. एका बाजूला सैन्याला शास्त्र शिकवायचं, दुसऱ्या बाजूला अहिंसेवर श्रद्धा. या माणसाने बॉम्ब कसा बनवावा यावर नव्हे, तर बॉम्ब पडल्यावर हाडांचं, रक्ताचं, पुढच्या पिढीचं काय होतं यावर पुस्तक लिहिलं, आणि ते कुलुपात न ठेवता लोकांपुढे ठेवलं. नागरी संरक्षणाची पहिली पायरी हीच, असं मला वाटतं. लोकांना खरं सांगणं.

पुढच्या वर्षी, २९ एप्रिल १९५७ला, नागपुरात केंद्रीय आपत्कालीन मदत प्रशिक्षण संस्था सुरू झाली. १९६२च्या चीन युद्धानंतर नागरी संरक्षणाला वेग आला, १९६८मध्ये त्याचा कायदा झाला आणि नागपूरची संस्था राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय झाली. ढिगाऱ्याखालून माणूस कसा काढायचा, दोराने मजल्यावरून कसा उतरवायचा, हे तिथे हजारो लोक शिकले. अणू, जैविक आणि रासायनिक आपत्तीचे वर्गही तिथे चालले. २०१८मध्ये ती राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या अकादमीत सामील झाली. मधल्या काळात या शिक्षणाचा उपयोग युद्धापेक्षा पुरांत आणि भूकंपांतच जास्त झाला. २०१०च्या सुमारास कायद्यातही तशी दुरुस्ती होऊन आपत्ती व्यवस्थापन हे नागरी संरक्षणाचं काम ठरलं.

या शिक्षणाचं मोल किती, ते आम्हा मध्य प्रदेशवाल्यांना वेगळं सांगायला नको. २ डिसेंबर १९८४च्या रात्री भोपाळमध्ये कीटकनाशकांच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. लोक झोपेतून उठून धावले. धावताना श्वास जोरात चालतो आणि विष जास्त आत जातं. पुष्कळ जण वायू जात होता त्याच दिशेला पळाले. ओलं फडकं तोंडावर धरा, वाऱ्याला आडवे चला, एवढं जरी आसपासच्या वस्त्यांना आधी सांगितलेलं असतं, तरी कितीतरी माणसं वाचली असती. हजारो माणसं गेली. त्याला बॉम्ब लागला नाही. लोकांना विश्वासात न घेणं पुरलं.

दोन आठवड्यांनी, टाक्यांत उरलेला वायू संपवण्यासाठी कारखाना पुन्हा चालवायचं ठरलं. धोका नाही असं सरकारने परोपरीने सांगितलं. तरी लाखो लोक बोचकी बांधून शहर सोडून गेले. आमच्या छत्रीबागेतही दोन-तीन घरी भोपाळचे पाहुणे येऊन राहिले होते. सासूबाईंनी एका म्हातारीला विचारलं, सरकार तर म्हणतं काही होणार नाही. ती म्हणाली, "पहिल्या रात्रीही काही होणार नव्हतं." नागरी संरक्षणाचा भोंगा विजेवर चालतो हे खरं, पण तो ऐकून माणूस हलतो तो विश्वासावर. तो एकदा गेला की भोंगा नुसता आवाज उरतो.

आता बाहेरच्या देशांकडे बघू. १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या शाळांत मुलांना शिकवत: उजेड दिसला की बाकाखाली शिरा आणि मान झाका. या प्रकाराची नंतर खूप टिंगल झाली. मीही वर्गात हसून सांगायची. पण १५ फेब्रुवारी २०१३ला रशियात चेल्याबिन्स्कच्या आकाशात उल्का फुटली. आधी डोळे दिपवणारा उजेड आला. आवाज आणि हवेचा धक्का नंतर आला. मधल्या वेळात लोक काय आहे ते बघायला खिडक्यांपाशी गेले. दीड हजारांच्या आसपास माणसं जखमी झाली, बहुतेक काचांनी. एका शाळेतल्या शिक्षिकेने चौथीच्या ४४ मुलांना बाकांखाली बसवलं. एकाही मुलाला काच लागली नाही. तेव्हापासून मी हसणं बंद केलं. बॉम्बच्या मध्यभागी बाक काही करत नाही, पण काही किलोमीटरवर, जिथे उजेड आधी आणि धक्का नंतर पोचतो, तिथे बाक डोळे वाचवतो.

त्याच अमेरिकेत दुसरी बाजूही दिसते. न्यूयॉर्कमध्ये दरवर्षी सगळ्यांनी आसऱ्याला जायचा सराव व्हायचा, न जाणं गुन्हा होता. १९५५मध्ये डोरोथी डे आणि त्यांचे सोबती बाकावर बसून राहिले आणि अटक झाले. १९६०मध्ये तरुण आया बाबागाड्या आणि खेळणी घेऊन बागेत आल्या आणि हलल्या नाहीत. त्यांचं म्हणणं होतं, या सरावाने आम्हाला असं वाटायला लावलं जातं की अणुयुद्ध सोसता येईल, आणि सोसता येईल असं वाटलं की ते करताही येईल. १९६१नंतर ते सराव बंद पडले. त्याच वर्षांत सेंट लुईस शहरात मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा केले जात होते. चाचण्यांच्या राखेतलं स्ट्रॉन्शियम गवतातून गाईत, दुधातून मुलांच्या हाडांत कसं जातं हे त्या दातांनी दाखवलं. १९६३मध्ये हवेतल्या, पाण्यातल्या आणि अंतराळातल्या चाचण्या बंद करण्याचा करार झाला. आईच्या पदराने जे अडलं नसतं ते एका सहीने अडलं.

स्वित्झर्लंडने तिसरी वाट धरली. १९६३च्या कायद्याने प्रत्येक माणसासाठी तळघरात जागा करायची ठरली, आणि आज तिथे जवळपास लोकसंख्येइतक्या जागा आहेत. ल्युसर्नमध्ये तर रस्त्याच्या बोगद्यालाच वीस हजार माणसांचा आसरा केला होता. १९८७मध्ये त्याचा मोठा सराव झाला, तेव्हा शेकडो टनांचा एक दरवाजा नीट बंदच होईना. श्रीमंत, शिस्तीचा, सव्वाशे वर्षांहून जास्त युद्ध न पाहिलेला देश, तिथे ही गत. इंग्लंडच्या डॉक्टरांच्या संघटनेने १९८३मध्ये सरळ लिहून टाकलं की एक मेगाटनचा एकच बॉम्ब पडला तरी देशाच्या सगळ्या इस्पितळांना तो भार पेलणार नाही.

मग आपलं इंदूर? आपल्याकडे जमिनीखाली आसरे नाहीत. मिनिटांचा हिशेबही कठीण आहे. शेजारच्या देशातून सुटलेलं क्षेपणास्त्र दहा मिनिटांच्या आतबाहेर पोचतं. त्याला दिवे दिसायची गरज नसते, त्याला जागेचा आकडा आधीच दिलेला असतो. तेव्हा वहिनी, तुमच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर: अणुबॉम्बसाठी बत्ती घालवून काहीही होत नाही. १९९९मध्ये एम. व्ही. रामणा यांनी मुंबईवर हिरोशिमाएवढा एक बॉम्ब पडला तर काय, याचा अभ्यास केला. मृतांचा अंदाज दीड लाखापासून साडेआठ लाखांपर्यंत गेला. त्या आकड्यापुढे माझी वाळूची बादली आणि तुमची प्रथमोपचाराची पेटी हातात धरून उभं राहिलं की लाज वाटते.

पण उत्तर इथे संपत नाही. बॉम्ब दूर पडला आणि राख आपल्याकडे आली, किंवा युद्ध नसताना काही अपघात झाला, तर? तेव्हा मात्र घराला अर्थ आहे. राखेचा जोर वेळेबरोबर झपाट्याने उतरतो. वेळ सातपट झाला की मारा साधारण एक दशांश उरतो. सात तासांनी दहावा हिस्सा, दोन दिवसांनी शंभरावा, दोन आठवड्यांनी हजारावा. म्हणून पहिले दोन दिवस घरात राहणं हेच सगळ्यात मोठं औषध. त्यातही मधल्या खोलीत, जाड भिंतींच्या आड, वरच्या मजल्यापासून आणि खिडक्यांपासून लांब. आमच्या छत्रीबागेतली जुनी, हातभर जाड भिंतींची घरं यात नव्या काचेच्या फ्लॅटपेक्षा चांगली. बाहेरून आल्यावर वरचे कपडे दाराशीच काढायचे, अंग आणि केस धुवायचे. धान्य, पाणी झाकलेलं असेल तेच वापरायचं.

इथे आम्हा जैन बायकांना एक गैरसमज होऊ शकतो, म्हणून सांगते. पाणी गाळून आणि उकळून घ्यायची आपली सवय चांगली आहे, पण गाळण्याने पाण्यावरची धूळ जाईल, विरघळलेलं किरणोत्सर्गी आयोडीन जाणार नाही. उकळल्यानेही नाही. आयोडीनच्या ज्या गोळ्यांची नावं व्हॉट्सॲपवर फिरत होती, त्या फक्त गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीला आणि फक्त त्या एका द्रव्यापासून वाचवतात, त्याही वेळेवर आणि सरकारने सांगितलं तरच घ्यायच्या. आपल्या मनाने नाही.

हे ज्ञान युद्धाशिवायही लागतं. एप्रिल २०१०मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात एका विद्यापीठातलं जुनं यंत्र विकलं गेलं. त्यात कोबाल्ट-६० होतं. भंगारवाल्यांनी ते फोडलं. एक माणूस मेला, बाकीचे भाजले आणि आजारी पडले. कामगारांच्या हाताला काय लागलंय हे ओळखणारा एक जरी माणूस त्या गल्लीत असता तर! आमच्या इंदुरातच १९८४पासून अणुऊर्जा खात्याचं प्रगत तंत्रज्ञान केंद्र आहे, इस्पितळांत किरणोपचार आहेत. तेव्हा किरणोत्सर्गाचं ते पिवळं-काळं चिन्ह शाळेतल्या पोरांना ओळखता येणं, यात घाबरण्यासारखं काही नाही. विजेच्या खांबावरची कवटी आपण शिकवतोच की.

आपल्या धर्मात यतना हा शब्द आहे. चालताना खाली बघून चालावं, बोलताना तोलून बोलावं, वस्तू उचलताना-ठेवताना जीव मरणार नाही हे बघावं. नागरी संरक्षण मला या यतनेसारखं वाटतं. ते हिंसा थांबवत नाही. आपल्या हाताच्या टप्प्यात जेवढे जीव आहेत तेवढे जपतं. ते करायलाच हवं. पण यतना म्हणजे अहिंसा पुरी झाली, असं कोणी मानलं की घोटाळा होतो. न्यूयॉर्कच्या त्या आयांना हेच म्हणायचं होतं.

मग बाकीचं कोण करणार? एक छोटी गोष्ट सांगते, ती फार कमी लोकांना माहीत आहे. ३१ डिसेंबर १९८८ला भारत आणि पाकिस्तान यांनी करार केला की एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही. तो १९९१मध्ये लागू झाला. १९९२पासून दर १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या अणुकेंद्रांची यादी एकमेकांना देतात. कारगिलच्या वर्षानंतर दिली, संसदेवरच्या हल्ल्यानंतर तीन आठवड्यांच्या आत दिली, २०२५च्या जानेवारीतही दिली. एकमेकांचं तोंड न बघणारे दोन शेजारी वर्षातून एकदा कुंपणावरून एक कागद देतात-घेतात, तसं. त्या कागदाने मनं जुळली नाहीत. पण एक दार बंद राहिलं आहे, आणि ल्युसर्नच्या दारापेक्षा ते बरं बंद होतं.

मागच्या आठवड्यात हे सगळं मी वहिनींना सांगितलं. त्यांच्याच ओटल्यावर बसून, मांडीवर त्यांचा नातू. जुलैत झाला तो. मी आधी माझं वाक्य परत घेतलं. म्हटलं, वहिनी, तेव्हा मी जे बोलले ते मला माहीत नव्हतं. तुमच्या सुनेला खरगोनला पाठवणंच कदाचित शहाणपणाचं होतं. सीमेवर आगडोंब असताना मोठ्या शहरापासून लांब राहणं यात भित्रेपणा काही नाही. मग राखेचं, भिंतींचं, दोन दिवसांचं सांगितलं. मुंबईचा आकडाही लपवला नाही.

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. बाळाच्या टोपड्याची नाडी सोडून पुन्हा बांधली. मग म्हणाल्या, "म्हणजे अर्ध्या गोष्टीला उपाय आहे आणि अर्धीला नाही."

"हो."

"मग तेव्हाच असं सांगायचं होतं ना. अर्ध्यासाठी मी काही केलं असतं."

मला यावर उत्तर नव्हतं. पुढच्या रविवारी स्वाध्यायानंतर अर्धा तास मागून घेतला आहे. मधली खोली कशी निवडायची आणि बाहेरून आलेल्या माणसाचे कपडे कुठे ठेवायचे, एवढंच सांगणार आहे. आणि शेवटी, बत्ती घालवून काय होतं, या प्रश्नाला वहिनीच उत्तर देणार आहेत.